पहिल्यांदाच सुपरव्हिजनची ऑर्डर आली असेल तर

नोटीस बोर्डावर तक्ता लागतो. त्यात आपलं नाव, तारीख आणि सत्र असतं. बहुतेक नव्या शिक्षकांना परीक्षेच्या कामाची एवढीच ओळख करून दिली जाते. "त्यात काय, तीन तास उभं राहायचं आणि पेपर गोळा करायचे," असं स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगतं. मलाही असंच सांगितलं होतं. गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या गावातल्या कॉमर्स कॉलेजात मी हे काम करते आहे. आधी ज्युनिअर सुपरवायझर होते, मग सिनिअर झाले, आणि अलीकडे गैरप्रकारांच्या चौकशीत शिक्षकांनी लिहिलेले अहवाल वाचायला बसते. चौकशीत बसायला लागल्यावर मला कळलं, की कॉपी सापडल्यावर खोलीतल्या त्या पाच मिनिटांत आपण काय केलं आणि कागदावर काय लिहिलं यावर एखाद्या मुलाचं वर्ष ठरतं. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नव्याने लागलेल्या, पहिली ऑर्डर हातात घेऊन बावरलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहिते आहे.

नियम प्रत्येक विद्यापीठाचे थोडे वेगळे असतात. म्हणून पहिलं काम हे, की आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक परीक्षा विभागातून मागून घ्या आणि आदल्या रात्री वाचा. मी सांगते आहे ते सगळीकडे उपयोगी पडेल असं आहे.

ऑर्डर आल्यावर

त्या परीक्षेला आपल्या घरातलं किंवा नात्यातलं कुणी बसलेलं असेल, मुलगा, भाची, दिराची मुलगी कुणीही, तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं तक्रार आल्यावर कुणाला आठवत नाही. आपण शिकवतो त्याच विषयाच्या पेपरला आपली ड्युटी लागली असेल तर बदलून मागा. मुलं हक्काने शंका विचारतात आणि आपल्या तोंडून नकळत अर्धं उत्तर निघून जातं.

कोण कोण असतं हेही माहीत करून घ्या. आपल्या ब्लॉकचे, म्हणजे आपल्याला दिलेल्या परीक्षेच्या खोलीचे, आपण ज्युनिअर सुपरवायझर. आपल्यावर सिनिअर सुपरवायझर आणि कॉलेजचा परीक्षा अधिकारी. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत त्यांना सीईओ (कॉलेज एक्झामिनेशन ऑफिसर) म्हणतात. सगळ्यांच्या वर केंद्रप्रमुख, म्हणजे बहुधा प्राचार्य. बाहेरून येतं ते भरारी पथक. केंद्रावरच दिवसभर असतं ते बैठं पथक. अडचण आली की आपण गाठायचं ते सिनिअर सुपरवायझरला. त्यांचा नंबर नव्हे, ते कुठे बसतात ती जागा लक्षात ठेवा, कारण आपला मोबाईल तेव्हा परीक्षा विभागात जमा असेल.

पेपरच्या आधीचा पाऊण तास

पाऊण तास आधी पोचा. सही करा, मोबाईल जमा करा, ब्लॉकचं साहित्य घ्या आणि तिथेच, त्या टेबलावरच मोजा. उत्तरपत्रिका किती, पुरवण्या किती, उपस्थिती पत्रकावर नावं किती, दोरा आहे का. खोलीत गेल्यावर एक कमी निघाली तर ती कुणाकडे कमी पडली हे सांगता येत नाही.

खोलीत शिरल्यावर मी आधी बाक बघते. पिशवीत एक ओलं फडकं असतं. सकाळच्या सत्रातल्या कुणीतरी पेन्सिलीने बाकावर लिहिलेलं सूत्र दुपारी तिथे बसणाऱ्या, काही माहीत नसलेल्या पोरीच्या गळ्यात पडतं. एकदा एका बाकावर घसाऱ्याचं अख्खं कोष्टक होतं, करकटकाने कोरलेलं, वर शाई चोळलेली. फडक्याने ते गेलं नाही. मग बाकच बदलला आणि सिनिअरना सांगून उपस्थिती पत्रकाखाली तशी नोंद केली. बाकांचे कप्पे, खिडक्यांच्या कडा, पंख्याच्या बटणामागची फट, सगळं एकदा नजरेखालून घाला. फळ्यावर विषय, कोड, वेळ आणि ब्लॉक नंबर लिहा. जुनं काही लिहिलेलं असेल तर पुसून टाका.

मुलं आत येताना दप्तरं बाहेर. हॉल तिकीट आणि ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून बघा. अगदी समोर थांबून बघा, कागदावरून नुसती नजर फिरवू नका. तोतया बसवण्याचे प्रकार होतात, आणि ते दारातच पकडता येतात. शंका आली तर आरडाओरडा नको. सही करायला सांगा, हॉल तिकिटावरच्या सहीशी जुळवा आणि सिनिअरना बोलवा.

सगळे बसले की मी दर वेळी तेच बोलते: "खिसे, पॅड, कंपासपेटी एकदा तपासा. चुकून काही राहिलं असेल तर आत्ता उठून बाहेर ठेवून या, मी काही विचारणार नाही. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर मात्र सापडलं तर मला लिहावंच लागेल." हे बोलून मी फळ्याकडे तोंड करते आणि अर्धा मिनिट तशीच उभी राहते. बाक वाजतात, दोघं-तिघं उठून दाराबाहेर जाऊन येतात. त्या अर्ध्या मिनिटात जेवढ्या केसेस टळतात तेवढ्या तीन तासांच्या पहाऱ्याने टळत नाहीत. पेपर सुरू झाल्यावर चिठ्ठी वापरली नसली तरी जवळ असणं हाच गैरप्रकार धरला जातो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना खरंच माहीत नसतं. ते त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका

उत्तरपत्रिका साधारण दहा मिनिटं आधी वाटतात. बैठक क्रमांक, विषय, कोड आणि तारीख मुलांनी भरली, की आपण बाकापाशी जाऊन हॉल तिकीट बघत एकेक आकडा ताडायचा आणि मगच सही करायची. काही जण वेळ वाचवायला गठ्ठ्यावर आधीच सह्या करून ठेवतात. कृपा करून असं करू नका. आपली सही म्हणजे "हा आकडा मी पडताळला" अशी ग्वाही असते. आता उत्तरपत्रिकेला बारकोड असतो, पुढे सगळं त्याच्यावर चालतं. पहिल्या पानावरचा एक आकडा चुकला तर तीन तास मान मोडून लिहिलेल्या मुलीच्या निकालात गैरहजर येतं. ते दुरुस्त करून घ्यायला तिने विद्यापीठात किती हेलपाटे घालायचे?

प्रश्नपत्रिका पूर्वी सीलबंद पाकिटातून यायच्या. आता बऱ्याच विद्यापीठांच्या ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापल्या जातात. पाकीट असेल तर सील शाबूत असल्याचं दोन विद्यार्थ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या. पाकिटावरचं नाव आणि आतल्या पेपरचं नाव वेगळं निघू शकतं, म्हणून वाटण्याआधी वरची एक प्रत वाचा. पॅटर्नकडे, म्हणजे पेपर कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा आहे त्याकडे, विशेष लक्ष द्या. पुणे विद्यापीठात एकाच खोलीत 2019 च्या पॅटर्नचा बॅकलॉगवाला आणि 2024 च्या पॅटर्नचा नवा विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असू शकतात, विषयाचं नाव तेच, पेपर वेगळा. मूल घाबरलेलं असतं, ते हातात आलं ते लिहीत सुटतं आणि तासाभराने रडायला लागतं.

लेखनिक घेऊन बसणाऱ्या किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांच्या खोलीवर ड्युटी असेल तर एक गोष्ट पक्की ठेवा: तासाला किमान 20 मिनिटं जास्त वेळ हा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेला हक्क आहे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळतो. बाहेर शेवटची घंटा झाली, कॉरिडॉरमध्ये गलका सुरू झाला, की त्या मुलाचं मन उडतं. तेव्हा दार लोटून घ्या आणि "तुझा वेळ आहे, सावकाश लिही" एवढं सांगा. शिपायाला जेवायला जायचं असतं, ऑफिसला गठ्ठे बांधायचे असतात, म्हणून तो तास कुरतडला जातो. तो कुरतडू द्यायचा नाही.

तीन तास

मागे उभे राहा. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर कुठे आहे हे मुलांना दिसतं, मागे उभ्या असलेल्याची दिसत नाही. मधून मधून फेरी मारा, पण ठरावीक वाटेने नको. चपलांचा आवाज करू नका, शेजारच्या ब्लॉकच्या सरांशी दारात गप्पा नकोत, पेपर तपासायला आणू नका. खोलीतली बहुतेक मुलं आपापलं लिहीत असतात. त्यांना शांतता हवी असते. आपण तिथे आहोत ते आधी त्यांच्यासाठी.

कॉपीचे प्रकार एकदा बघितले की ओळखू येतात. मायक्रो झेरॉक्स, म्हणजे अख्खं प्रकरण काडेपेटीएवढ्या कागदावर. पॅडच्या क्लिपखाली, कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये, ओढणीच्या काठावर, पाण्याच्या बाटलीच्या लेबलच्या आतल्या बाजूला, हॉल तिकिटाच्या पाठीमागे. त्यात आता स्मार्ट घड्याळ आणि कानातलं ब्लूटूथ आलं. म्हणून घड्याळं दारातच काढायला लावायची आणि भिंतीवरचं घड्याळ चालू आहे ना ते बघायचं. अदलाबदल होते ती बहुधा पुरवणीच्या निमित्ताने. एखादा हात वर करतो, आपण पुरवणी देऊन त्याची सही घेत असतो, आणि तेवढ्यात दोन बाकं मागे कागद सरकतो. म्हणून पुरवणी देताना पाठ भिंतीकडे ठेवा आणि तोंड वर्गाकडे. घाईचे क्षण दोन, पहिला अर्धा तास आणि शेवटची पंधरा मिनिटं. मधला तास मुतारीचा.

मुतारीला एका वेळी एकच विद्यार्थी. जाण्याची आणि येण्याची वेळ कागदावर टिपा. मुलीबरोबर बाई कर्मचारी असावी. कुणाला पाळीचा त्रास असेल, जुलाब असतील, मधुमेह असेल तर अडवायचं नाही, संशयाने बघायचं नाही. मुताऱ्या सत्राआधी आणि मधेही तपासणं हे केंद्राचं काम आहे. ते होतंय का ते विचारत जा.

लिहिणारं मूल कागदाकडे बघतं, कॉपी करणारं तुमच्याकडे बघतं. हे बऱ्याचदा खरं ठरतं, पण पहिल्यांदाच परीक्षेला बसलेलं भेदरलेलं पोरही तुमच्याकडेच बघतं. म्हणून नजरेवरून निष्कर्ष काढू नका, फक्त जवळ जाऊन उभे राहा. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्याला, कुजबुजणाऱ्याला आधी जागा बदलून द्या. तेवढ्याने बहुतेक प्रकार तिथेच थांबतात. जागा बदलली की उपस्थिती पत्रकावर वेळ टाकून लिहा. कुणाची जागा कधी आणि का बदलली हे पुढे लागतं.

सापडलं तर

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दोन बाकांच्या मधल्या वाटेत एक चिठ्ठी पडलेली दिसली. जवळच्या मुलाला मी उठवलं, त्याची उत्तरपत्रिका ओढून घेतली. "मॅडम, माझी नाहीये ती," असं तो तीनदा म्हणाला. मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात." अहवालात मी एकच ओळ लिहिली: "विद्यार्थी कॉपी करताना आढळला." चौकशीत चिठ्ठीचं अक्षर आणि त्याचं अक्षर समोरासमोर ठेवलं तेव्हा शाळकरी पोरालाही दिसेल इतका फरक निघाला. चिठ्ठीतला 'र' पायमोडका, याचा गोल. चिठ्ठीत होता तो प्रश्न त्याने सोडवलेलाच नव्हता. तो सुटला, पण निकाल राखून ठेवलेले चार महिने त्याने काढले ते काढलेच. त्याची मोठ्या कॉलेजातली प्रवेशाची संधी त्यात गेली. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला, काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी हा क्रम पाळते.

हात लावण्याआधी बघा. कागद कुठे आहे? हातात, मांडीवर, उत्तरपत्रिकेच्या आत, खिशात की जमिनीवर? मनात म्हणा आणि घड्याळ बघा. ही दोन सेकंदं नंतर कुणी परत देत नाही.

मग शांतपणे, हळू आवाजात सांगा: "पेन खाली ठेव." मारणं, कॉलर धरणं, वर्गासमोर बोलणं नाही. अंगाची झडती आपण घ्यायचीच नाही. मुलीच्या बाबतीत तर पुरुष शिक्षकाने हात पुढेही करू नये. सिनिअर सुपरवायझरना निरोप द्या, ते येईपर्यंत विद्यार्थ्याला जागेवरच ठेवा, आणि बाकीच्या वर्गाकडे पाठ फिरवू नका. एक केस झाली की सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि ती संधी साधणारेही असतात.

सिनिअर आल्यावर साहित्य आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्यायची. त्या क्षणापर्यंत जिथपर्यंत लिहिलंय तिथे रेघ मारून वेळ आणि सही. चिठ्ठ्या मोजायच्या आणि प्रत्येकीवर विद्यार्थ्याची, आपली आणि सिनिअरची सही. विद्यार्थी सही करत नसेल तर जबरदस्ती नको. "सही करण्यास नकार दिला" असं लिहून हजर असलेल्या दुसऱ्या व्यक्तीची सही घ्या. चिठ्ठी घडी घातलेली असेल तर घडी तशीच राहू द्या, चुरगळलेली असेल तर इस्त्री केल्यासारखी सरळ करत बसू नका. चिठ्ठीतला मजकूर उत्तरपत्रिकेत उतरवला असेल तर पान क्रमांक नोंदवा.

मोबाईल सापडला तर तो उघडू नका. फोटो, मेसेज, कॉल काहीही चाळायचं नाही. त्यातल्या खाजगी गोष्टींशी आपला संबंध नाही, आणि आपण हात घातला की पुराव्यातही आपणच ढवळाढवळ केली असं होतं. बंद करा, मॉडेल आणि रंग लिहा, पाकिटात सीलबंद करा, पोच द्या.

पुढे बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्याला दुसरी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेल्या वेळात लिहू देतात. पेपरातून हाकलून देणं हे आपल्या अधिकारात नाही. पहिली आणि दुसरी उत्तरपत्रिका, साहित्य, विद्यार्थ्याचा जबाब आणि आपला अहवाल हे सगळं नेहमीच्या गठ्ठ्यात न टाकता वेगळ्या पाकिटात जातं. जबाब विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचा. "लिही, मी कॉपी केली, माफी असावी," असं सांगून लिहवून घेतलेला जबाब चौकशीत लगेच ओळखू येतो, कारण दहा मुलांचे जबाब शब्दाला शब्द सारखे निघतात.

अहवाल कसा लिहायचा

"कॉपी करताना आढळला" या ओळीने काहीच कळत नाही. असं लिहा: "दुपारी 3.10 वाजता ब्लॉक 7 मधील तिसऱ्या रांगेतील चौथ्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या पान 6 व 7 च्या मध्ये छापील मजकुराचे दोन कागद मला दिसले. त्या वेळी त्याचा डावा हात त्या पानावर होता व तो उजव्या हाताने पान 7 वर लिहीत होता. मी दोन पावलांवर उभी होते. मी सिनिअर सुपरवायझरांना निरोप पाठवला, ते 3.14 वाजता आले. त्यांच्या समोर कागद ताब्यात घेतले. विद्यार्थ्याने 'कागद माझे आहेत' असे सांगितले." पाहिलं ते, ऐकलं ते. "त्याचा हेतू होता", "नेहमीचाच आहे", "घरची मंडळी तशीच" यातलं काही नको. न पाहिलेलं एक वाक्य घुसलं की पाहिलेली दहा वाक्यं डळमळीत होतात.

अहवाल त्याच दिवशी, पेपर संपल्यावर लगेच लिहा. शक्य असेल तर बाकांचा छोटा नकाशाही काढा, शेजारी कोण कोण बसलं होतं ते बैठक क्रमांकांसकट.

त्या मुलाला एकटं सोडू नका

याला मी वेगळं शीर्षक दिलं, कारण परिपत्रकांत हे बहुतेक नसतं. केस झालेलं मूल पेपर सुटल्यावर घरी जायला घाबरतं. वडिलांनी कर्ज काढून शिकायला पाठवलेलं असतं, गावात बोभाटा होईल ही भीती असते. असली मुलं त्या दोन-चार तासांत टोकाचं पाऊल उचलू शकतात. म्हणून त्याचे वर्गशिक्षक किंवा मेंटॉर बोलवून घ्या, पाणी द्या, बसवा. चौकशी होते, तुझं म्हणणं ऐकतात, आयुष्य संपत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. घरी फोन त्याच्याशी बोलून, जमल्यास त्याच्या समोरच करा. बाहेर सोडताना मित्र बरोबर द्या. टेलि-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक 14416, मराठीतही बोलतात. आमच्या परीक्षा विभागाच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरात लावला आहे. तुमच्याकडे नसेल तर तुम्ही लावा.

आणि स्टाफरूममध्ये त्याचं नाव घेऊन चर्चा करू नका. निर्णय लागेपर्यंत तो दोषी नाही.

दबाव आला तर

येतोच. कधी संस्थेतल्या कुणाचा निरोप, कधी गावातल्या वजनदार माणसाचा, कधी आपल्याच सहकाऱ्याचा: "अहो मॅडम, माझा पुतण्या आहे, जरा बघा." यावर वाद घालू नका. "सर, पाकीट ऑफिसला गेलं, आता माझ्या हातात काही नाही," हे खरं असलं की बोलणं सोपं जातं. म्हणून पाकीट लगेच जमा करा. धमकी आली, वर्गाबाहेर टोळकं जमलं, खिडकीतून कागद आले, तर केंद्रप्रमुखांना लेखी द्या आणि आपल्याकडे प्रत ठेवा. विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा 1982 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली पोलिसांत जाता येतं. जायचं की नाही हे केंद्रप्रमुख ठरवतात. 2024 मध्ये केंद्राने केलेला पेपरफुटीविरोधी कायदा मात्र यूपीएससी, स्टाफ सिलेक्शन कमिशन, रेल्वे, बँक भरती आणि एनटीएच्या (नीट, जेईईसारख्या) परीक्षांसाठी आहे. आपल्या सेमिस्टर परीक्षा त्यात येत नाहीत. मुलांना त्याच्या नावाने धाक घालू नका.

सर्वांत अवघड प्रसंग तो, जेव्हा शेजारच्या ब्लॉकमधला शिक्षकच उत्तरं सांगत असतो. मी अशा वेळी एकदा गप्प राहिले आहे आणि ते मला अजून टोचतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 नुसार परीक्षेतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी समिती विद्यार्थ्यांपुरती नसते, पेपर काढणारे, तपासणारे, शिक्षक आणि परीक्षेशी संबंधित कुणीही तिच्या कक्षेत येतो. नव्या माणसाने हे एकट्याने अंगावर घेऊ नये. बैठ्या पथकाला किंवा केंद्रप्रमुखांना पाहिलेलं तेवढंच सांगा.

इंटर्नल आणि असाइनमेंट

थोडक्यात: एआयकडून लिहून आणलेली असाइनमेंट ओळखण्याचं सॉफ्टवेअर शंभर टक्के भरवशाचं नाही, नुसत्या त्याच्या आकड्यावर शून्य देऊ नका. मुलाला समोर बसवा आणि त्याच्याच कागदातले तीन प्रश्न विचारा. पाच मिनिटांत कळतं. प्रबंधांचं वेगळं आहे. तिथे यूजीसीचे 2018 चे नियम लागू होतात. त्यात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे दुरुस्त करून पुन्हा सादर करण्यापासून 60 टक्क्यांवर नोंदणी रद्द होण्यापर्यंत पायऱ्या आहेत.

शेवटची घंटा

घंटा झाली की आधी दार बंद. सगळ्यांनी जागेवर बसायचं, आपण बाकावर जाऊन उत्तरपत्रिका घ्यायची. मुलांनी टेबलावर आणून ठेवायची नाही. पुरवण्या बांधल्यात का, पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर लिहिली आहे का, कोऱ्या पानांवर रेघा मारल्यात का. हजर विद्यार्थ्यांचा आकडा आणि हातातल्या गठ्ठ्याचा आकडा जुळल्याशिवाय एकालाही बाहेर सोडू नका. मुलं कुरकुरतात, बस चुकेल म्हणतात, तरी नाही. एका वर्षी आमच्याकडे एक उत्तरपत्रिका कमी आली. गोंधळात एक मुलगा ती पॅडसकट घेऊन एसटीत बसला होता. पुढचा सगळा दिवस जबाब लिहिण्यात गेला, त्याचाही आणि सुपरवायझरचाही.

मग बैठक क्रमांकाने लावा, गैरहजर वेगळे लिहा, उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका मोजून परत करा, आणि परीक्षा विभागात मोजून घेतल्याची सही घेतल्यावरच मोबाईल मागा.

समितीचं बोलावणं

दोन-तीन महिन्यांनी कधीतरी पत्र येतं: अमुक दिवशी चौकशीला हजर राहावे. घाबरू नका. विद्यार्थ्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. उत्तर प्रदेशच्या बोर्डाने मुलांना म्हणणं मांडू न देता निकाल रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात, असं करता येणार नाही, समितीला न्यायबुद्धीनेच वागावं लागेल, असं सांगितलं. पुढे 1970 मध्ये बिहार बोर्डाच्या खटल्यात, अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल आणि पूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करायची असेल तर एकेकाला वेगळं बोलवण्याची गरज नाही, असंही म्हटलं. आपल्या ब्लॉकमधली केस पहिल्या प्रकारची, एकट्या विद्यार्थ्याची. तिथे मुलगा समोर बसलेला असतो, कधी त्याचे वडील बाहेर बाकावर, हातात रुमालात बांधलेली कागदपत्रं घेऊन.

समिती विचारते ते साधं असतं. तुम्ही कुठे उभ्या होतात? कागद कुठे होता? किती होते? शिक्षा किती द्यावी हे आपल्याला कुणी विचारत नाही, आपणही सुचवू नये. आठवत नसेल ते "आठवत नाही" असं सांगा. तेवढ्याने तुमची साक्ष कच्ची होत नाही. चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका समोर ठेवून अक्षर, पान क्रमांक, प्रश्न जुळतात का हे समिती बघते. दोन शेजाऱ्यांच्या उत्तरांत एकसारख्या चुका असतील तर तेही पुरावा म्हणून धरता येतं. अशा वेळी तुम्ही काढलेला बाकांचा नकाशा कामाला येतो.

म्हणून मी एक छोटी डायरी वापरते. प्रत्येक ड्युटीचं एक पान: तारीख, ब्लॉक, हजर-गैरहजर, जागा बदलल्या त्या, मुतारीला गेलेल्यांच्या वेळा, सिनिअर कोण होते. काही घडलं नाही तरी "काही नाही" एवढं लिहिते. समितीचं पत्र आलं, की ते पान आणि आपल्या अहवालाची प्रत बरोबर घेऊन जा, दाराबाहेर बसून दोनदा वाचा. आत मुलगा दिसला तर त्याला बसायला खुर्ची दिली आहे का तेही बघा. आमच्याकडे बरीच वर्षं त्यांना उभंच ठेवायचे, आता खुर्ची असते.